फेंगशुईतला अग्नी: कुठे पेटवायचा, कुठे शमवायचा

फेंगशुईनुसार घरातला अग्नी सांभाळायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी दोनच सल्ले मिळतात: दक्षिणेच्या भिंतीला लाल रंग द्या आणि तिथे मेणबत्त्या ठेवा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. चिनी पद्धतीत अग्नी कधी एकटा मोजत नाहीत. त्याला कोण खाऊ घालतंय, तो कोणाला वितळवतोय आणि त्याची राख कुठे साठतेय, हे पाहिल्याशिवाय जाणकार माणूस घरातली खुर्चीही हलवत नाही. आणि आपल्या हवामानात बहुतेक घरांत अडचण अग्नी कमी असण्याची नसतेच. तो नको तिथे जास्त असतो. म्हणून इथे पेटवण्यापेक्षा शमवण्याबद्दलच अधिक लिहिलं आहे.

आधी पाच तत्त्वांचं नातं

चिनी परंपरेतली पाच तत्त्वं म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. आपल्या पंचमहाभूतांशी ती जुळवायला जाऊ नका. वायू आणि आकाश त्यांच्या यादीत नाहीत, लाकूड आणि धातू आपल्या यादीत नाहीत. शिवाय ही तत्त्वं म्हणजे नुसते पदार्थ नव्हेत, त्या हालचालीच्या पाच तऱ्हा आहेत. लाकूड वाढतं, अग्नी वर चढतो आणि पसरतो, माती धरून ठेवते, धातू आकसतो, पाणी खाली उतरतं. त्यामुळे लाल चित्र, टोकदार आकार आणि प्रखर दिवा या तीन वेगळ्या वस्तू असल्या तरी तिघांची चाल एकच, म्हणून तिन्ही अग्नीच्या खात्यात जमा होतात.

या पाचांत दोन चक्रं चालतात. पोषणाचं चक्र असं: लाकडाने अग्नी पेटतो, अग्नीची राख होऊन माती बनते, मातीतून धातू निघतो, धातूवर दव धरून पाणी होतं, पाण्याने झाड वाढतं. नियंत्रणाचं चक्र असं: पाणी अग्नी विझवतं, अग्नी धातू वितळवतो, धातू लाकूड तोडतो, लाकूड माती फोडून वर येतं, माती पाण्याला बांध घालते.

घराच्या कामात मात्र तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगी पडते आणि नेमकी तीच बऱ्याच जणांना माहीत नसते. जो पोसतो तो दमतो. अग्नी मातीला जन्म देतो, म्हणजेच माती अग्नीची ताकद हळूहळू काढून घेते. घरात अग्नी फार झाला तर लगेच पाण्यावर धाव घ्यायची नाही, आधी माती आणायची. पाण्याने भडका विझतो खरा, पण वाफेचा फणकाराही उठतो. माती तोच अग्नी गुपचूप पोटात घालते. उत्तर चीनमधल्या जुन्या घरांत हे अक्षरशः बांधून काढलेलं दिसतं. तिथे ‘कांग’ नावाचा विटामातीचा ओटा असतो आणि घरातली माणसं थंडीत त्यावर झोपतात. शेजारच्या चुलीचा गरम धूर या ओट्याच्या पोटातल्या वाटांमधून फिरून पलीकडच्या धुराड्याने बाहेर जातो. चूल विझली तरी ओटा रात्रभर ऊब देत राहतो.

अग्नीची बाकी ओळख थोडक्यात: दिशा दक्षिण, ऋतू उन्हाळा, वेळ मध्यान्ह, रंग लाल, आकार त्रिकोण, चव कडू, अवयव हृदय, ग्रह मंगळ, अंक 9. राखणदार म्हणून दक्षिणेला लाल पक्षी. आठ त्रिरेखांपैकी, म्हणजे तीन-तीन रेघांच्या चिन्हांपैकी, ‘ली’ ही अग्नीची: वर आणि खाली अखंड रेघ, मधली तुटलेली. म्हणजे बाहेरून तेज आणि आतून पोकळ.

दक्षिणच का, हे बीजिंगच्या थंडीत उभं राहिलं की कळतं. उत्तरेकडून मंगोलियातले बोचरे वारे येतात आणि ऊन दक्षिणेकडून मिळतं. त्यामुळे तिथल्या जुन्या चौसोपी घरांत मुख्य खोली उत्तरेला बांधून तिचं तोंड दक्षिणेकडे ठेवतात. आपल्याकडे दक्षिणमुखी फ्लॅट म्हटलं की गिऱ्हाईक मागे सरतं. तिकडे दक्षिणेची खिडकी असलेल्या घराला जास्त किंमत मिळते.

याच विचाराची सर्वात देखणी खूण बीजिंगच्या राजवाड्यात, निषिद्ध नगरात, आहे. तिथली बहुतेक छपरं पिवळ्या कौलांची आणि भिंती लाल. लाल अग्नी पिवळ्या मातीला पोसतो, आणि माती म्हणजे मध्यस्थान, सम्राटाची जागा. पण चिएनलुंग बादशहाच्या काळात, 1776 मध्ये पूर्ण झालेल्या वनयुआन ग्रंथालयाचं छप्पर काळ्या कौलांचं आहे. काळा रंग पाण्याचा; पुस्तकांना आगीचं भय, म्हणून माथ्यावर पाणी. तरी राजवाडा नुसत्या रंगांवर विसंबून नव्हता. 1420 मध्ये बांधकाम पूर्ण झालं आणि पुढच्याच वर्षी वीज पडून तिन्ही मुख्य दालनं जळाली. त्यामुळे पुढे अंगणोअंगणी पाण्याने भरलेले प्रचंड धातूचे रांजण ठेवले गेले आणि हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून त्यांच्याखाली निखारे पेटवले जात. प्रतीक आणि बादली, दोन्हीची सोय. आपणही तोच क्रम धरायचा आहे.

पहिली पायरी: दक्षिण नेमकी कुठे आहे ते शोधा

‘हॉलची ती भिंत दक्षिणेची’ असं अंदाजाने ठरवू नका. फेंगशुईच्या लुओपान या होकायंत्रावर 360 अंशांचे 24 भाग असतात, प्रत्येकी 15 अंशांचे. त्यातला दक्षिण विभाग 157.5 ते 202.5 अंशांचा. त्यातही सुरुवातीचे 15 अंश ‘बिंग’ म्हणजे यांग (प्रखर) अग्नीचे, मधले दक्षिण बिंदूचे, शेवटचे ‘डिंग’ म्हणजे यिन (सौम्य) अग्नीचे. बिंगची उपमा सूर्याची, डिंगची दिव्याच्या ज्योतीची. हा फरक पुढे दिवे निवडताना लागेल.

घरासाठी मोबाइलमधलं होकायंत्र पुरतं, पण चार पथ्यं पाळा. चुंबक असलेलं कव्हर काढा. फ्रिज, लोखंडी ग्रिल, कपाट आणि लिफ्टपासून लांब उभे राहा. स्लॅबमधल्या सळ्याही सुई फिरवतात, म्हणून एकाच खोलीत तीनचार जागी मापं घ्या. मापं जुळत नसतील तर खाली मोकळ्या जागेत जा, इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला समांतर उभे राहा आणि तिथलं माप धरा. चुंबकीय उत्तर की खरी उत्तर, हा प्रश्न महाराष्ट्रात फारसा येत नाही, कारण इथे दोन्हींत एक अंशाचाही फरक नसतो. परदेशात मात्र तो बराच असू शकतो. लुओपान चुंबकीय उत्तर मानतं.

आता घराचा नकाशा कागदावर काढा आणि मध्य शोधा. चौकोनी घर असेल तर दोन कर्ण जिथे छेदतात तो मध्य. आजकालचे फ्लॅट मात्र एल आकाराचे, कुठे बाल्कनी बाहेर आलेली, कुठे डक्टने कोपरा खाल्लेला असे असतात. त्यासाठी जुनी सोपी युक्ती आहे: नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवा, बाहेरच्या रेषेवरून कापा आणि पुठ्ठा टाचणीच्या टोकावर तोलून पाहा. जिथे तो आडवा स्थिर राहतो तो घराचा मध्य. तिथून 45 अंशांचे आठ विभाग आखा. दक्षिणेचा त्रिकोणी तुकडा रंगवून ठेवा, त्यासोबत वायव्येचाही, कारण स्वयंपाकघराच्या वेळी तो लागणार आहे.

एक इशारा. अमेरिकेत 1980 च्या दशकात लिन युन या गुरूंनी रुजवलेल्या पंथात होकायंत्र लागतच नाही. मुख्य दाराची भिंत पायाशी धरून घरावर तीन बाय तीनची चौकट टाकतात आणि दारासमोरच्या टोकाचा मधला चौकोन म्हणजे अग्नीची, कीर्तीची जागा. आपल्याकडच्या दुकानांतले ‘पाकुआ’चे, म्हणजे आठ त्रिरेखांचे, नकाशे बऱ्याचदा हेच असतात. कोणतीही एक पद्धत धरा. सोमवारी होकायंत्र आणि मंगळवारी दाराची चौकट असं केलं तर घरभर दक्षिणा होतील. मी होकायंत्राच्या बाजूचा आहे, कारण त्यात निदान उन्हाची खरी दिशा तरी लागते.

दुसरी पायरी: घरातल्या अग्नीची नोंद

वही घ्या आणि खोलीवार लिहा. खरा अग्नी वेगळ्या रकान्यात: गॅसची शेगडी, देवघरातली समई, निरांजन, उदबत्ती, मेणबत्त्या, गीझर, इस्त्री. दुसऱ्या रकान्यात ऊन: कोणत्या खिडकीतून किती वाजता किती आत येतं. तिसऱ्यात वीज: टीव्ही, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, मिक्सर, राउटर, चार्जर. जुन्या ग्रंथांत या वस्तू अर्थातच नाहीत, पण आजचे बहुतेक चिनी सल्लागार विजेची उपकरणं अग्नीतच धरतात. चौथ्यात रंग आणि आकार: लाल, केशरी, गडद गुलाबी, जांभळा, त्रिकोण, पिरॅमिड, टोकदार पानांची झाडं, झुंबराची टोकं. पाश्चात्त्य पुस्तकं चामडं आणि लोकरही इथे घालतात. मी त्यांना फार वजन देत नाही.

नोंद झाली की वजन लावा. खरी ज्योत आणि ऊन सगळ्यात जड, मग प्रखर दिवे आणि वीज, शेवटी रंग आणि आकार. चार लाल उशा म्हणजे पश्चिमेच्या एका उघड्या खिडकीइतकाही अग्नी नव्हे. हे एकदा मनात बसलं की निम्मी खरेदी वाचते.

तिसरी पायरी: स्वयंपाकघर

घराच्या फेंगशुईत तीन जागा मुख्य: दार, कर्त्याची खोली आणि चूल. चुलीला हा मान का, ते चुलीच्या देवाकडे पाहिलं की समजतं. झाओ जुन नावाचा हा देव वर्षभर चुलीशेजारी बसून घरातलं सगळं ऐकतो आणि चांद्रवर्षाच्या बाराव्या महिन्यात, 23 किंवा 24 तारखेला, स्वर्गात जाऊन घराची चुगली करतो. म्हणून त्या दिवशी त्याच्या चित्राच्या ओठांना मध किंवा चिकट गोड लावायची पद्धत आहे. बोललाच तर गोड बोलावं, नाहीतर तोंड चिकटून राहावं.

आता ओट्याकडे. पहिला नियम, शेगडी आणि सिंक शेजारी शेजारी नकोत आणि अगदी समोरासमोरही नकोत. पाणी अग्नीवर येतं. यात श्रद्धा बाजूला ठेवली तरी कारण रोकडं आहे: तापलेल्या तेलात सिंकचा शिंतोडा उडाला की काय होतं ते स्वयंपाक करणाऱ्याला सांगावं लागत नाही. दोहोंत दोन फूट ओटा मोकळा मिळाला तर उत्तम. भाजी चिरायला जागाही तीच.

ओटा लहान आणि सिंक सरकवणं शक्य नसेल तर मधे लाकूड आणा. पाणी लाकडाला पोसतं, लाकूड अग्नीला; भांडणाऱ्या दोघांत दोघांचाही सोयरा बसवावा तसं हे. लाकडी चॉपिंग बोर्ड उभा ठेवा, मधल्या टाइल्स हिरव्या घ्या किंवा कोथिंबीर-पुदिन्याची कुंडी ठेवा. मात्र तिला ज्योतीपासून हातभर अंतर हवं. लाकूड अग्नीला खाऊ घालतं हे वाक्य ओट्यावर शब्दशः खरं होऊ द्यायचं नाही. समोरासमोरचे दोन ओटे असतील तर मधल्या वाटेवर हिरवं पायपुसणं चालतं, खाली रबर असलेलं. गरम कढई हातात असताना घसरणारी सतरंजी नको.

फ्रिज पाण्याच्या गोटातला, म्हणून तोही शेगडीला चिकटून नको. कंप्रेसरलाही शेजारची उष्णता सोसत नाही, तेव्हा इथे दोन्ही शास्त्रांचं एकमत आहे.

दुसरा नियम वाऱ्याचा. शेगडीच्या मागे उघडी खिडकी नको, दारातून येणारी झुळूक थेट ज्योतीवर नको. जुन्या ग्रंथांत चुलीच्या तोंडाची, म्हणजे सरपण आत घालायच्या बाजूची, दिशा फार काटेकोर पाहतात. गॅसच्या शेगडीला ते तोंड कुठलं यावर सल्लागारांत एकमत नाही: कोणी नळी जोडलेली बाजू म्हणतो, कोणी बटणांची. या वादात पडण्यापेक्षा ज्योत हलते का ते पाहा. हलत असेल तर गॅस वाया जातो, आणि मंद आच विझून गॅस सुटण्याचा धोका वेगळाच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. म्हणून वरची खिडकी उघडी आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका, खालूनही हवा खेळायला हवी. सिलिंडरच्या कपाटाच्या दाराला खाली जाळी लावून घ्या. रबरी नळीवर छापलेली तारीख वर्षातून एकदा वाचा आणि मुदत संपलेली नळी बदला.

तिसरा नियम पाठीचा. स्वयंपाक करणाऱ्याला दार दिसावं. ते दिसत नसेल तर शेगडीमागे आरसा लावा, असं अमेरिकन पंथ सांगतो. आरशात बर्नर दुप्पट दिसतात म्हणजे बरकतही दुप्पट. पारंपरिक चिनी सल्लागार याच कारणासाठी आरशाला नाही म्हणतात: अग्नी दुप्पट होतो. फोडणीचे शिंतोडे आणि आरसा पुसण्याचं काम लक्षात घेता माझं मत परंपरेच्या बाजूने. दारात एखादी घुंगराची माळ लावली तरी कोण आलं ते कळतं.

वास्तूशी गाठ पडते ती इथे

महाराष्ट्रातली बहुतेक स्वयंपाकघरं वास्तू पाहून ठरतात: पहिली पसंती आग्नेय, ते जमलं नाही तर वायव्य. फेंगशुईत आग्नेय दिशा लाकडाची आहे, अग्नीची नव्हे. तरीही तिथली शेगडी चालते, कारण लाकूड अग्नीला पोसतं. दोन्ही शास्त्रांचं गणित वेगळं, उत्तर एक. आग्नेयेला स्वयंपाकघर असलेल्यांनी काही हलवायची गरज नाही.

वायव्येला मात्र सरळ टक्कर आहे. फेंगशुईत वायव्य म्हणजे आकाश, घरातला कर्ता पुरुष आणि धातू. तिथे चूल पेटवणं याला ‘स्वर्गाच्या दाराला आग लावणं’ म्हणतात आणि चुलीच्या सर्वात वाईट जागांत ती मोजतात. वास्तूवाल्याने पसंत केलेली जागा फेंगशुईवाला नापसंत करतो आणि घरमालक दोघांना पैसे देऊन मधे उभा.

माझा सल्ला असा की स्वयंपाकघर तोडूफोडू नका. आधी नकाशा काढून शेगडी खरोखर वायव्येच्या 45 अंशांत येते का ते पाहा. खोली वायव्येला असली तरी शेगडी बऱ्याचदा पश्चिमेत किंवा उत्तरेत सरकलेली निघते. वायव्येतच असेल तर अग्नी आणि धातूच्या मधे माती घाला: अग्नी मातीला देईल, माती धातूला देईल, वितळणं थांबेल. म्हणजे शेगडीमागच्या टाइल्स मातकट पिवळ्या किंवा गव्हाळ, ओट्यावर चिनीमातीच्या बरण्या, मिठाचं दगडी भांडं, चौकोनी आकार. लाल किंवा केशरी शटर इथे अजिबात नको. मॉड्युलर किचनवाले टोमॅटो-लाल चकचकीत रंगाचा फार आग्रह धरतात. वायव्येत तो आगीत तेल, आणि बाकी कुठेही तो दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत डोळ्यांवर येतो.

दक्षिणेला स्वयंपाकघर असेल तर अग्नीत अग्नी. जागा वाईट नाही, पण चुलीला आणखी उत्तेजन नको. तिथेही मातीच.

चौथी पायरी: हॉल आणि दिवे

आपल्याकडे अनेक हॉलमध्ये छताला 6500 केल्विनची पांढरीफटक ट्यूब असते. प्रकाश भरपूर, पण ऊब नाही. फेंगशुईच्या भाषेत दिवा अग्नी असला तरी असा निळसर पांढरा उजेड धातूकडे झुकतो. संध्याकाळच्या बसण्यासाठी 2700 ते 3000 केल्विनचे पिवळसर एलईडी घ्या. खोक्यावर आकडा छापलेला असतो. ट्यूब काढू नका, वाचायला आणि साफसफाईला ती लागते. फक्त दुसरा स्विच द्या.

इथे यांग आणि यिन अग्नी उपयोगी पडतात. सूर्यासारखा यांग दिवा वरून सगळीकडे पडतो. तो जिथे माणसं ये-जा करतात, काम करतात तिथे. ज्योतीसारखा यिन दिवा खालून, कोपऱ्यातून, मर्यादित वर्तुळात उजेड देतो. तो बसायच्या, बोलायच्या जागी. छताला दिव्यांची रांगच्या रांग लावून खोली दुकानासारखी करण्यापेक्षा वर एक आणि डोळ्यांच्या पातळीखाली दोन दिवे पुरतात.

दक्षिणेच्या भिंतीवर अग्नी आणायचाच असेल तर भिंत पूर्ण लाल करू नका. एक चित्र, एक दिवा, आणि त्याला पोसायला लाकूड: उंच झाड किंवा लाकडी फडताळ. त्या भिंतीवर मत्स्यालय, पाण्याचं कारंजं किंवा समुद्राचा मोठा फोटो टाळा. घरात मिळालेले मानसन्मान, प्रमाणपत्रं याच भिंतीवर शोभतात, कारण दक्षिण ही कीर्तीची दिशा.

आकारांबाबत हाँगकाँगची गोष्ट सांगायलाच हवी. आय. एम. पेई या वास्तुविशारदाने आखलेली बँक ऑफ चायनाची इमारत 1990 मध्ये पूर्ण झाली. ती सगळी त्रिकोणांची, धारदार कडांची. तिच्या कडा शेजाऱ्यांवर सुऱ्यासारख्या रोखलेल्या आहेत अशी शहरभर ओरड झाली. शेजारच्या एचएसबीसी बँकेच्या छपरावरच्या, इमारत साफ करायच्या क्रेन तिच्याकडे तोफांसारख्या वळवलेल्या आहेत असं लोक आजही हौसेने सांगतात. घरात याचा अर्थ एवढाच की टोकदार वस्तूचं टोक बसणाऱ्याच्या किंवा झोपणाऱ्याच्या अंगावर येऊ देऊ नका. काचेच्या टीपॉयचा कोपरा गुडघ्याला लागतो, तेव्हा तत्त्वज्ञानाची गरजही उरत नाही.

पाचवी पायरी: जास्तीचा अग्नी उतरवणं

जास्तीच्या अग्नीच्या खुणा मानतात त्या अशा: खोलीत बसवत नाही, झोप उडते, बोलण्याला लगेच धार येते. यातलं किती उन्हामुळे आणि किती अग्नितत्त्वामुळे हे वेगळं काढता येत नाही, आणि उपाय एकच असल्याने काढायची गरजही नाही.

मुंबई-पुण्यात खरा गुन्हेगार पश्चिमेची खिडकी. पश्चिम दिशा धातूची आणि दुपारनंतरचं ऊन अग्नी. तो धातूवर येतो. लोक इथे निळे पडदे लावतात, पाणी म्हणून. त्यापेक्षा बाहेरच्या बाजूला बांबूची चिक, खिडकीच्या कट्ट्यावर मातीच्या कुंड्या आणि आत गव्हाळ किंवा मातकट रंगाचे जाड पडदे. माती अग्नी पिते आणि धातूला देते. चिक बाहेरून लावण्याला साधं कारण आहे: काचेतून ऊन आत आलं की पडद्याने अडवूनही उष्णता घरातच राहते.

बेडरूममध्ये अग्नी कमीत कमी. लाल चादर, डोक्याशी टीव्ही, उशीशेजारी चार्जिंगचा मोबाइल, सगळं हलवा. एखादी फिकट गुलाबी किंवा मातकट केशरी छटा पुरे. दक्षिणेच्या विभागात बेडरूम असली तर भिंती मातीच्या रंगांत ठेवा.

दक्षिणेला बाथरूम आलं असेल तर अग्नीच्या जागी पाणी. दुकानदार इथे लाल बल्ब विकतो. त्याने भांडण वाढतं. मधे लाकूड हवं: हिरवी चटई, हिरवे टॉवेल, खिडकी असेल तर मनीप्लांट. दार बंद, एक्झॉस्ट चालू, गळका नळ दुरुस्त.

एका वेळी एकच बदल करा आणि दोनतीन आठवडे राहून पाहा. सगळं एकदम बदललं की कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

नवव्या पर्वाचा बाजार

चिनी काळगणनेच्या एका पद्धतीत 180 वर्षांचं चक्र 20-20 वर्षांच्या नऊ पर्वांत वाटलेलं आहे. 4 फेब्रुवारी 2024 पासून नववं पर्व लागलं, ते 2044 च्या फेब्रुवारीपर्यंत चालेल. त्याचं तत्त्व अग्नी, रंग जांभळट लाल. त्यात 17 फेब्रुवारी 2026 ला अग्नी-घोड्याचं वर्ष लागल्याने सल्लागारांच्या पोतडीत आणखी एक खेळणं आलं. त्याच्या साठ वर्षं आधी, 1966 मध्ये, याच नावाचं वर्ष आलं तेव्हा जपानमध्ये जन्मांची संख्या एकदम घसरली होती, कारण या वर्षी जन्मलेल्या मुली नवऱ्याला जड जातात असा तिथे समज होता. समजुतीची ताकद केवढी, ते यावरून दिसतं.

काळ अग्नीचा आहे, म्हणून घरात अग्नी ओता, हा युक्तिवाद मला पटत नाही. त्याच शास्त्राच्या तर्काने पाहिलं तर बाहेर अग्नी वाढला असताना आत माती सांभाळायला हवी. जांभळे स्फटिक, लाल पिरॅमिड आणि ‘पर्व नऊ’चे दिवे यांवर खर्च करण्याआधी दक्षिणेची खिडकी पुसून घ्या.

अग्नी खरोखर कमी असेल तर

अशी घरंही असतात. डक्टकडे उघडणाऱ्या खिडक्यांचा तळमजल्यावरचा फ्लॅट, ओल धरलेली भिंत, दुपारीही दिवा लागणारा. किंवा परदेशातलं घर: स्टॉकहोमला डिसेंबरात जेमतेम सहा तासांचा दिवस असतो, आणि तिथल्या उत्तरमुखी अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला वरचा पश्चिमेच्या खिडकीचा परिच्छेद थट्टेसारखा वाटेल.

इथे क्रम उलटा. आधी ओल काढा, कारण पाणी असेतो अग्नी पेटत नाही. मग लाकूड: झाडं, लाकडी फर्निचर, हिरव्या छटा. त्यानंतर उबदार दिवे, दोनतीन उंचींवर. रंग शेवटी आणि थोडे. समोरच्या भिंतीला फिका रंग दिला तर आलेला उजेड परत फिरतो. आरसा लावायचा तर खिडकीच्या समोर, शेगडीच्या समोर नव्हे.

खरी ज्योत हवीच असेल तर समई खोलगट ताटात ठेवा, पडद्यापासून दूर, आणि कोणी घरात नसताना पेटती ठेवू नका. परदेशी घरांत छताला धुराचा अलार्म असतो. आरतीला कापूर लावला की तो किंचाळतो, म्हणून बरेच जण त्याची बॅटरी काढून ठेवतात आणि परत घालायला विसरतात. बॅटरी तशीच राहू द्या. अलार्मपासून लांबची खिडकी उघडा, कापराचा तुकडा छोटा घ्या आणि आरती त्या खिडकीशी करा.